सिव्हिलला कुणी ओळखीचं आहे का?

चार दिवस झाले, माझ्या नणंदेच्या जावेचा मेसेज व्हॉट्सॲपवर तसाच पडलाय. निळ्या टिक पडल्यात, म्हणजे मी वाचलाय हे त्यांनाही कळलंय. मेसेज साधाच आहे. "वहिनी, त्या दिवशी म्हणालात ना, आण्णांच्या किडनीच्या वेळी ओळखीचे डॉक्टर होते म्हणून, त्यांचं नाव नंबर पाठवा ना. आमच्या पप्पांचं क्रिएटिनिन वाढलंय." खाली जोडलेले दोन हात. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी नीट चालत नाही, हे आता मलाही कळतं. रोज रात्री भांडी आवरून झाली की मी तो मेसेज उघडते, काहीतरी टाईप करते, खोडते, आणि फोन चार्जिंगला लावून झोपते. कारण असा कुणी ओळखीचा डॉक्टर नाहीच. कधी नव्हताच.

मी खोटं बोलले होते.

गेल्या महिन्यात नणंदेच्या लेकीचा साखरपुडा होता, जुळे सोलापुरातल्या एका कार्यालयात. जेवणाच्या रांगेत ह्या ताई भेटल्या, छान काठपदर, हातात ताट, मोकळ्या स्वभावाच्या आहेत तशा. आण्णांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं बघून म्हणाल्या, "तब्येत चांगली दिसतेय की आता, मागं फार सिरीयस होते ना? कुठं ॲडमिट केलेलं?" प्रश्नात काहीसुद्धा वाकडं नव्हतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "इथंच की सोलापुरात, ओळखीचे डॉक्टर होते, त्यामुळं झालं सगळं नीट." सिव्हिल एवढा तीन अक्षरांचा शब्द, तोंडापर्यंत आलेला, तो मी जिलबीबरोबर गिळला. आण्णा शेजारीच मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, मठ्ठा पिऊन टाकला, मिशी पुसली. परत येताना स्कूटरवर मागं बसून एरवी ते अख्ख्या सोलापूरची कॉमेंट्री करतात, हे दुकान नवीन झालं, ती टॉकीज कुठं गेली, त्या दिवशी गप्प. सात रस्ता आला तेव्हा मागून आवाज आला, "ओळखीचा डॉक्टर कोन गं?" मी म्हटलं, आण्णा, असंच म्हणाले हो. त्यावर ते फक्त "हां" म्हणाले. ते "हां" अजून कानात आहे.

तीन वर्षं होतील आता. दिवाळी होऊन गेलेली, मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव, ज्वारीला पाणी चाललेलं. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती आणि रात्रीची लाईट म्हणजे काय हे ज्याच्या घरी दारं धरतात, म्हणजे रानात पाणी वळवत फिरतात, त्यालाच कळतं, गार पाण्यात पाय, हातात बॅटरी, डोक्याला मफलर, आणि पायाखाली काय आहे ते देवाला माहीत. आण्णा सांगतात, आधी आवाज आला, कुकर शिट्टी द्यायच्या आधी फुसफुसतो तसा, आणि मग घोट्याच्या वर काटा बोचल्यागत झालं. बॅटरी मारली तर साखळीगत ठिपके असलेलं जाडजूड जनावर बांधावरून सरकत चाललेलं. घोणस. रात्रीचे साडेअकरा.

पुढचे चार तास आम्ही कसे घालवले ते सांगायला लाज वाटते पण सांगते. भावानं सुतळी घेऊन पिंडरीला करकचून बांधली, हे करायचं नसतं हे आम्हाला नंतर कळलं. मग गावातल्या म्हाताऱ्यांनी देवळात न्यायला लावलं, तिथं पाऊण तास लिंबाचा पाला आणि मंत्र. मग शेजाऱ्याच्या पिकअपमधून तालुक्याला, तिथं एका खाजगी दवाखान्याची बेल वाजवली, आतनं एकजण आला, पाय बघितला आणि म्हणाला सोलापूरला हलवा, नाहीतर इथं ठेवायचं असेल तर आधी ५० हजार भरा. रात्री दीडला कुणाच्या खिशात ५० हजार असतात? खरं सांगू, असते तर भरले असते. आम्ही काही तत्त्व म्हणून सिव्हिलला गेलेलो नाही. पैसे नव्हते म्हणून १०८ ची सरकारी ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि १०८ जिथं नेते तिथं गेलो. पुढं मी जे काही चांगलं लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या.

मी आणि नवरा पोचलो तेव्हा साडेतीन होत होते. कॅज्युअल्टीत आण्णा स्ट्रेचरवर, पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकचकीत, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ते ते शर्टाच्या बाहीला पुसत होते. समोर एक रेसिडेंट डॉक्टर, पंचविशी-सव्विशीची पोरगी, केस रबरात बांधलेले, पायात साध्या स्लिपर, विदर्भाकडची असावी, कारण पहिलं वाक्य तिनं टाकलं ते असं, "चार तास काय करून राहिले होते तुम्ही?" माझा भाऊ सहा फुटाचा गडी, मान खाली घालून उभा. ती बोलत होती आणि बोलता बोलता ती सुतळी एकदम न कापता हळूहळू सैल करत होती, एक नजर आण्णांच्या तोंडाकडं. मला तिचा तेव्हा भयंकर राग आला होता. माणूस मरायला टेकलाय आणि ही रागवायलीय. आता वाटतं, रागावली नसती तर तिला काही पडलेलं नाही असं म्हणाले असते मी.

मग ती टेस्ट. ही मी जन्मात विसरणार नाही. आण्णांचं थोडं रक्त काढलं, एका कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि ब्रदरनं, म्हणजे तिथल्या पुरुष नर्सनं, ती नळी खिडकीच्या कडेला चिकटपट्टीनं उभी चिकटवली. "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." बस, एवढीच टेस्ट. मशीन नाही, वायर नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची, रक्त गोठलं असेल तर जागेवर राहतं, नाही गोठलं तर वाहतं, वाहिलं की समजायचं विष रक्तात भिनलंय. आम्ही तिघं त्या नळीकडं बघत उभे. बाहेर कोर्टाच्या बाजूनं कुत्री भुंकत होती, आत फिनेलचा आणि केळ्यांचा वास, कुणीतरी कण्हत होतं. वीस मिनिटांनी त्या पोरीनं नळी उचलली, तिरकी केली, आणि रक्त सरबतासारखं कडेनं खाली आलं. तिनं मागं वळून फक्त "दहा" म्हटलं. दहा बाटल्या.

त्या बाटलीत सापाच्या विषावरच्या औषधाची पांढरी पावडर असते. त्यात पाणी घालून विरघळवायची, पण हलवायची नाही जोरात, फेस होतो म्हणे. ब्रदर दोन तळव्यांच्या मध्ये बाटली धरून रवी फिरवावी तशी हळू फिरवत होता, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, तेवढ्यात दारात दुसरं कुणीतरी ॲक्सिडेंटचं आलं तरी ह्याचे हात थांबले नाहीत. शेजारी ट्रेमध्ये एक इंजेक्शन भरून ठेवलेलं, अंगावर पित्त उठलं, थंडी वाजून आली तर लगेच द्यायला. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तोच काढून ही पावडर करतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर एकच बाटली. हे मला नंतर एका इंटर्ननं सांगितलं आणि मी आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "लग्नात घोड्यावर बसायचं राहिलं हुतं माझं, आता घोडाच अंगात आला."

सहा तासांनी परत नळी. परत वाहिलं. परत दहा बाटल्या. दुपारी तिसऱ्यांदा नळी चिकटवली तेव्हा आण्णांना ग्लानी होती, तरी डोळे न उघडता विचारलं, "लागलं का विरजण?" आम्हाला आधी कळलंच नाही. मग आई तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. रक्ताचं दही लागलं का, असं विचारत होता तो माणूस. नळी तिरकी केली. लागलं होतं. तिरक्या नळीत ते गडद लाल तसंच बसून राहिलं, हललं नाही. ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "लागलं हो काका, घट्ट लागलं."

वीस बाटल्या. एकाही बाटलीचं बिल कुणी हातात ठेवलं नाही.

वाटलं सुटलो. पण घोणस एवढ्यावर सोडत नाही, तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. पिशवी रिकामी, नुसता तळाला चहाच्या रंगाचा थेंब. क्रिएटिनिन पावणेसातवर गेलं. घोणशीचं विष किडनीवर बसतं, डायलिसिस लागणार, मानेत नळी घालायची. आईनं डायलिसिस शब्द ऐकला आणि तिथंच खाली बसली, कारण आमच्या गावात डायलिसिस लागलेला माणूस म्हणजे आठवड्यातून दोनदा शहराच्या वाऱ्या करून शेत विकणारा माणूस. त्या विदर्भवाल्या मॅडम आल्या, आईशेजारी उकिडव्या बसल्या, म्हणाल्या, "आई, ही कायमची नाही बहुतेक. किडनी झोपली आहे, मेली नाही. उठेल ती. तोवर तिचं काम मशीन करून राहिली, एवढंच." किडनी झोपलीय हे आईला पटलं. तिनं त्या दिवसापासून आण्णांच्या कमरेवरनं हात फिरवत "उठ गं बाई" असं पुटपुटायला सुरुवात केली, मी स्वतः ऐकलंय.

कागदाचं काम माझ्याकडं. मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी केशरी कार्ड, आधार, झेरॉक्स, फोटो. ज्या रेशनकार्डाकडं आम्ही साखर आली का एवढ्यापुरतं बघायचो ते कार्ड पहिल्यांदा महत्त्वाचं वाटलं. २ जुलै २०१२ ला ही योजना राज्यात आधी आठच जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठात सोलापूर होतं, तेव्हा तिला राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे, २०१७ पासून महात्मा फुले. वॉर्डात कुणी दोन्ही नावं घेत नाही, नुसतं "योजना". "योजनेत बसलं का?" "बसलं की." लग्न जमल्यागत विचारतात. आता तर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे. आण्णांचं मात्र त्यावरही म्हणणं असतं, शेतकरी साप चावून गेला तर घरच्यांना अपघात योजनेतनं दोन लाख मिळतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून आईशी भांडण झालं की म्हणतात, "दोन लाखाचं नुकसान केलं बघ मी तुझं."

डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकड्यावर चार चार तास बसायचे. तिथल्या टेक्निशियन मुलाशी ओळख झाली, तो म्हणाला एका पेशंटला एका वेळी साधारण १२० लिटर पाणी लागतं, साधं नाही, आरओचं, मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. मी हिशोब करत बसले. सोलापुरात राहणाऱ्या बाईला पाण्याचा आकडा सांगितला की ती आपोआप बॅरलमध्ये मोजते. आमच्या गल्लीत नळ येतो चार-पाच दिवसाआड, तोही कधी रात्री दोनला, मग घागरी, टाकी, पातेली, सासूबाईंच्या जुन्या हंड्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं. आणि इथं सात वेळा डायलिसिस म्हणजे ८४० लिटर, चार बॅरल भरून वर, एका मोहोळकडच्या म्हाताऱ्याचं रक्त धुवायला. बिल, योजना, बाटल्या, हे सगळं माझ्या डोक्यावरून गेलं होतं, पण ह्या चार बॅरलनी मला बाकड्यावर रडवलं. वेड्यासारखं वाटेल, पण तसंच झालं.

वॉर्डाबद्दल किती लिहू. गर्दी होती, उकाडा होता, नातेवाईक होते म्हणजे आम्हीच होतो, कॉटच्या खाली सतरंजी टाकून झोपणारे, जिन्याच्या कोपऱ्यात थुंकणारे आणि मग घाण आहे म्हणून नाकाला रुमाल लावणारे. एका कॉटवर सोलापूरच्या पूर्व भागातल्या बिड्या वळणाऱ्या मावशींचा नवरा, त्या तेलुगूत देवाला आणि मराठीत नवऱ्याला शिव्या द्यायच्या, आणि बसल्या बसल्या बोटं आपोआप वळायची, हातात पान नसलं तरी. पलीकडं अक्कलकोटकडची एक कन्नड आज्जी, तिचा मुलगा ॲडमिट. तिला मराठी येत नाही, आईला कानडी येत नाही, पण चौथ्या दिवशी बघते तर दोघी एका फडक्यावर कडक भाकरी मोडून शेंगाची चटणी खात बसलेल्या आणि बोलणं चालू, एक कानडीतनं, एक मराठीतनं, आणि दोघींचं बरोबर चाललेलं. दुपारी चहा आला की एका ग्लासातला अर्धा कुणाच्या तरी ग्लासात जायचाच.

आणि तो मुलगा. एकोणीस वर्षांचा, कर्नाटकच्या सीमेपलीकडून आणलेला. जमिनीवर झोपला होता, मण्यार चावली, मण्यार चावल्याचं बऱ्याचदा कळतच नाही, दुखत नाही, सुजत नाही. पोटात दुखतंय म्हणून पहाटे उठला, घरच्यांना वाटलं ॲसिडिटी. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा गाडी केली, तोवर श्वास गेलेला. व्हेंटिलेटरवर दोन दिवस होता. मी आयसीयूच्या बाहेर आण्णांचे रिपोर्ट घेऊन उभी होते, आतनं आमच्याच मॅडम बाहेर आल्या, मास्क खाली केला, त्याच्या वडलांना सांगितलं. तो माणूस काळा, वाळका, डोक्याला टॉवेल, काही क्षण नुसता बघत राहिला, आणि मग त्यानं त्या पोरीपुढं हात जोडले. कानडीत काहीतरी म्हणाला. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी आम्हाला हळू सांगितलं, "लई केलं म्हन्तोय तुमी पोरासाठी." त्या मॅडम वळल्या आणि भिंतीकडं तोंड करून फाईलमध्ये काहीतरी लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. एवढं काय लिहायचं असतं? माझा बाप जगला म्हणून मी आभार मानले तर त्यात काय विशेष. त्या माणसाचं पोरगं गेलं होतं. त्या रात्री मला आण्णांच्या पिशवीकडं बघताना चोरटं वाटत होतं, आपण कुणाच्या तरी वाटणीचं घेतलंय असं, जरी तसं काही नव्हतं. नंतर कधीतरी वाचलं की २००० ते २०१९ ह्या काळात देशात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. आकडा वाचताना मला तो टॉवेलच दिसतो.

सोळाव्या दिवशी सकाळी आईचा आवाज अख्ख्या वॉर्डात, "झाली! झाली की गं!" पिशवीत दोनशे मिली. पिवळी धमक. कन्नड आज्जींना कुणी सांगावं लागलं नाही, त्यांनी लांबूनच कडाकडा बोटं मोडली. मॅडमनी पिशवी उजेडाला धरून बघितली, सोनार दागिना बघतो तसं, आणि म्हणाल्या, "वा काका." पुढचे चार दिवस रोज राऊंडला पहिला प्रश्न, "काका, किती होऊन राहिली?" आणि आण्णा छाती काढून आकडा सांगायचे, सातशे, बाराशे, दोन हजार, उसाचं टनेज सांगावं तसं. तेविसाव्या दिवशी डिस्चार्ज.

डिस्चार्ज कार्डावर खाली सही आहे. मी ती कितीदा तरी बघितलीय. एक गोल, एक रेघ, शेवटी शेपूट. नाव लागत नाही. तेवीस दिवस आम्ही तिला मॅडम म्हणालो, तिचं नाव काय, गाव कुठलं, जेवलीस का, कुणी विचारलं नाही. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचा, जन्म १९१०, १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांतला एक, १९४२ मध्ये तिकडंच वारला, बत्तीसाव्या वर्षी. चीनमध्ये त्याचे पुतळे आहेत, आजही लोक फुलं वाहतात. एक अख्खा देश ऐंशी वर्षं आमच्या गावच्या एका पोराचं नाव पाठ करून बसलाय आणि मला माझ्या बापाला वाचवणाऱ्या पोरीचं आडनाव माहीत नाही, हे त्या चौकातनं जाताना दरवेळी टोचतं, सिग्नल सुटेपर्यंत.

देवाचं तसं नाही, देवाचं सगळं वेळेवर झालं. आईनं सिद्धेश्वराला नवस बोलला होता, तो संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत जाऊन फेडला, अभिषेक, नैवेद्य, नंदीध्वजाला खोबऱ्याचा हार. त्यानंतर आठ दिवसांनी आण्णा गावाहून आले ते खांद्यावर फडक्याचं गाठोडं घेऊन. हुरडा. त्याच रानातला, त्याच बांधाकडचा, सकाळी गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, फडक्यात बांधून एसटीनं आणलेला. म्हणाले, "चल, सिव्हिलला जाऊ." मी म्हटलं आण्णा पेढे घेऊ की, हुरडा कोण खातंय तिथं, आणि गार झालाय. "पेढे इकत मिळत्यात," एवढंच.

वॉर्डात गेलो. मॅडम नव्हत्या, परीक्षा देऊन गावी गेल्या म्हणाले, शिकायची तीन वर्षं संपली त्यांची. ब्रदरची बदली दुसऱ्या वॉर्डला, तिथं गेलो तर त्यांची नाईट. टेबलावर वेगळ्याच सिस्टर, नवीन पोरंपोरी गळ्यात स्टेथो घालून पळतायत, आण्णा फडकं धरून मधे उभे आणि सगळे त्यांना वळसा घालून चाललेत. सिस्टरनी विचारलं, "कुणाचे नातेवाईक? कॉट नंबर?" आण्णांनी त्यांच्या जुन्या कॉटकडं बोट दाखवलं. तिथं कुणी दुसराच माणूस झोपला होता, पायावर पांघरूण, पिशवी लटकवलेली. आण्णा बराच वेळ त्या पिशवीकडं बघत होते, मला वाटतं किती झालीय ते बघत असावेत. तेवढ्यात मागून बादली आपटल्याचा आवाज आणि वॉर्डातल्या मावशी, "अगं बाई, तुमी ते लघवीवाले काका नव्हं?" आण्णांच्या तोंडावर जे आलं ते मी माझ्या लग्नात पण बघितलं नव्हतं. हुरडा मावशींनी उघडला, सिस्टरच्या टेबलावर कागद पसरला, आईनं दिलेली शेंगाची चटणी बाजूला. पेशंटला नको म्हणाल्या सिस्टर, किडनीवाल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. मग स्टाफनंच खाल्ला, येता जाता एकेक मूठ. एक इंटर्न पोरगं तोंडात टाकत म्हणालं, कुणाचा वाढदिवस आहे का? कुणीच काही सांगितलं नाही.

मग मी साखरपुड्यात असं का म्हणाले असेन? मी ह्यावर बराच विचार केलाय. फ्लॅटचा हप्ता, नवऱ्याच्या कंपनीचा मेडिक्लेम, पोरगा इंग्लिश मीडियमला, एवढं सगळं उभं केल्यावर "बापाला सिव्हिलला ठेवला होता" म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर एक "अरेरे" येतो, एका क्षणापुरता, मी तो बघितलाय, आधी दुसऱ्यांच्या बाबतीत तो माझ्याच तोंडावर यायचा. त्या अरेरेला मी भ्याले. आण्णांनी हुरड्याचं गाठोडं उघड्या खांद्यावर घेऊन सगळ्यांसमोर नेलं आणि मला चारचौघींत तीन अक्षरं जड झाली.

काल रात्री शेवटी लिहिलं. "ताई, ओळखीचे डॉक्टर असं कुणी नव्हतं, मी उगीच म्हणाले. आण्णा सिव्हिलला होते, तेवीस दिवस. तिथंच बरे झाले." पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. दोन मिनिटांत वाजला. मला वाटलं आता तो अरेरे येणार. आला तो असा, "बरं झालं सांगितलंत वहिनी. पप्पांना तिकडंच न्यावं म्हणतेय, बाहेर खर्च फार सांगायलेत. पण सिव्हिलला कुणी ओळखीचं आहे का हो? ओळख असली की बरं असतं."

आण्णा परवापासून इथंच आहेत, दर सहा महिन्यांनी असते त्या तपासणीला आलेत. खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते, त्या पायावर अजून काळपट डाग आहे. मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. म्हटलं, काय सांगू आण्णा, आपलं तर कुणीच उरलं नाही आता तिथं.

"सांग की, हाय म्हनून."

"कोण?"

"मी." तेलाची वाटी बाजूला सरकवली, हात धोतराला पुसले. "कवा यायचंय इचार त्यास्नी. मी येतो संगं. केसपेपर कुठं काढायचा, रक्त कुठं द्यायचं, सगळं दावतो." आणि उठून कपाटावरची ती कापडाच्या दुकानाची पिशवी खाली काढली, ज्यात त्यांचे सगळे रिपोर्ट असतात, आणि चष्मा लावून एकेक कागद लावायला बसले.